एका चपलेवर करमाळा

गाडीला सव्वा लाख मोजायचे आणि मागं बसणाऱ्याला पोळपाटाएवढी जागा द्यायची, ही कुठली रीत? पोळपाट निदान सपाट तरी असतो. ही सीट पुढं उतरती. ब्रेक दाबला की मागचं माणूस पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतं. पाय ठेवायला दोन बोटभर दांड्या, त्याही इतक्या वर की गुडघे छातीला लागतात. बाईमाणसाला आडवं बसता यावं म्हणून जाळी आणि पाय ठेवायची फळी मिळाली होती, ती आमच्या नातीनं दुसऱ्याच दिवशी काढून माळ्यावर टाकली. म्हणे, "आज्जी, लूक जातो." लूक बघणार रस्त्यावरचे लोक आणि हाडं खिळखिळी होणार माझी.

आता नमस्कार.

मी शीतलची आज्जी. हा ब्लॉग तिचा. यात ती गाड्यांबद्दल लिहिते आणि तुम्ही ते वाचता, असं तिचं म्हणणं. या खेपेचं मी लिहिणार असं मीच सांगितलं. माझी शाळा चौथीपर्यंत. वहीत पेन्सिलीनं लिहिलंय, टाइप तिनं केलंय. शुद्धलेखन तिचं, बाकी सगळं माझं. एक शब्द गाळलास तर बघ, अशी ताकीद दिली आहे.

जायचं कसं ठरलं ते आधी सांगते, कारण आम्ही मजा मारायला गेलो नव्हतो.

शीतल चिंचोळीच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. माल तपासायचं काम. दिवाळीनंतर कारखान्याची बस बंद झाली. आम्ही राहतो सोलापुरात, सात रस्त्याच्या मागं. तिथून रोज चिंचोळीला जायचं म्हणजे रिक्षा, मग जीप, मग चालत. सेकंड शिफ्ट असली की परत यायला काहीच मिळत नाही. म्हणून तिनं स्वतःच्या पगारातून मोटरसायकल घेतली. स्कूटी नाही, चांगली दणदणीत मोटरसायकल. तेव्हापासून माझा मुलगा दत्तू, म्हणजे तिचा बाप, तिच्याशी बोलेनासा झाला.

दत्तू सेहेचाळीस वर्षांचा आहे आणि आयुष्यात सायकलीच्या पुढं गेला नाही. लग्नात सासऱ्यानं गाडी देऊ केली होती, ती यानं नाकारली. लोक म्हणाले, काय बाणेदार पोरगा. बाणेदार कसला, भित्रा. का भित्रा, ते मला ठाऊक आहे.

एक दिवस जेवताना तोंड उघडलं, तेही भांडायलाच.

"गाडी विक, न्हायतर नोकरी सोड."

"पप्पा, तुमी एकदा माज्या मागं बसून तरी बगा की."

"मी कशाला? आईला बसव. तुज्या मागं बसून आई करमाळ्याला जाऊन धड परत आली, तर मी ह्या गाडीबद्दल परत एक शब्द बोलणार न्हाय."

हे तो हुशारीनं बोलला. चाळीस वर्षांत मी दोन चाकांच्या गाडीवर पाय टाकलेला नाही. पाय सुजला होता तेव्हा दवाखान्यात चालत गेले, पण पुतण्याच्या स्कूटीवर बसले नाही. ही म्हातारी बसणार नाही आणि विषय मिटेल, असा त्याचा हिशोब.

मी भाकरी मोडत होते. म्हटलं, "बसते की."

सुनेच्या हातातला डाव वाटीवरच थांबला. दत्तू माझ्याकडं बघतच राहिला. मग ताटावरून उठून गेला.

शनिवारची रजा, रविवार आणि सोमवारी सव्वीस जानेवारी, अशी शीतलला तीन दिवसांची सुट्टी होती. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा नुकतीच उरकलेली, थंडी बोचरी. करमाळ्याला माझी नणंद असते, गोदावन्सं. मुक्कामाचा प्रश्न नव्हता. सात रस्त्यापुढच्या पंपावर शीतलनं टाकी काठोकाठ भरून घेतली, ॲव्हरेज काढायला. नवी गाडी पहिले पाचशे किलोमीटर साठाच्या वर पळवायची नाही, असं शोरूमनं बजावलं होतं. मी म्हटलं, पन्नास. ती म्हणाली, पंचावन्न. पंचावन्नावर मिटलं.

आज्ज्यांना घेऊन जाणार असाल तर एक शिकून ठेवा. हेल्मेट अंबाड्यावर बसत नाही. अंबाडा सोडून वेणी पाठीवर टाकावी लागते. हेल्मेटात बोललेलं ऐकू येत नाही, तेव्हा खुणा आधीच ठरवा. आम्ही ठरवल्या. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब.

आणि आडवं बसूच नका. मी नऊवारी नेसते. काष्टा असतो. दोन्हीकडं पाय टाकून बसायला काष्ट्यासारखं दुसरं काही नाही. ही अक्कल मला सत्तरीला आली. तरुणपणी सासू म्हणायची, बाई घोड्यावर बसल्यासारखी बसली तर चार लोक काय म्हणतील. त्या चार लोकांपैकी एकही मला आजवर भेटला नाही.

शनिवारी सकाळी साडेसहाला निघालो. पुण्याचा रस्ता चारपदरी, गुळगुळीत, पण अवजड गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जातात. डावी बाजू सोडू नका. टोलनाक्यांवर दुचाकीला पैसे नाहीत, डाव्या कडेच्या अरुंद वाटेनं निघून जायचं. चिंचोळीवरून जाताना शीतलनं हात करून कारखाना दाखवला. लांबलचक पत्र्याची शेड. मला काय, सगळे कारखाने सारखेच. पण गेटसमोर दोन मुली उभ्या होत्या, त्यांनी हिला ओळखलं आणि ओरडल्या. मागं बसलेल्या मला बघून आणखी ओरडल्या. पोरीची पाठ एकदम ताठ झाली, हे मला मागून दिसलं.

मोहोळला नाश्ता केला. पोहे तीस रुपये, वर तरी मागितली तर दहा जादा. चहा पंधरा रुपये आणि कप अंगठ्याएवढा. आम्ही घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून नेली होती, तीच खरी कामाला आली. हॉटेलवाला म्हणाला, "आज्जी, आडवं न्हाय बसत व्हय?"

"आडवं बसून बगितलंय. आता उभं बसते."

पूर्वी या रस्त्यानं आम्ही तिघं जायचो. मालक म्हणजे शीतलचे आजोबा, मी आणि टाकीवर दत्तू. मालक सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मागावर विणायला होते. सुट्टीच्या दिवशी कारखान्यातून दहा-बारा चादरी घाऊक भावानं उचलायचे, फटफटीच्या कॅरेजला सुतळीनं बांधायचे आणि करमाळ्याच्या बाजारात नेऊन विकायचे. पंपावर पेट्रोल घेतलं की त्यात मापानं ऑइल टाकायला लागायचं. विसरलं तर इंजिन जाम. किक मारायला जोर लागायचा, तो माझ्यात नव्हता, म्हणून मी चादरी धरायची. नव्या चादरीला खळीचा एक वास असतो. उन्हात तापली की भाजलेल्या पिठासारखा. ती फटफटी मोहोळपर्यंत यायला दोन तास घ्यायची आणि मालक वाटेत तिच्याशी बोलायचे. माझ्याशी कमीच. शीतलच्या गाडीला बटण दाबलं की झालं. तिच्याशी कुणी बोलत नाही.

टेंभुर्णीला महामार्ग सोडून उजवीकडं करमाळ्याच्या रस्त्याला लागलो. इथून पुढं सावध. जानेवारीत ऊस तोडणी जोरात असते. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, ऊस दोन्हीकडं हातभर बाहेर आलेला. अंधारात या रस्त्यावर अजिबात येऊ नका. दिवसासुद्धा ट्रॉलीच्या शेजारून जाताना श्वास धरावा लागतो.

टेंभुर्णीपासून पाच-सहा किलोमीटरवर माझी डावी चप्पल पडली.

पाय वर, टाच लटकती. खड्डा आला आणि चप्पल गेली. पडताना मला कळली. हात थाप मारायला उचललाही होता. पण मागं ट्रॅक्टर होता. थाप मारली असती तर पोरीनं घाईनं ब्रेक लावला असता, मान वळवली असती. मी हात परत मांडीवर ठेवला. गेली तर गेली. कंदरपर्यंत डावा पाय गार वाऱ्यात तसाच ठेवून आले.

कंदरला केळीच्या वखारीशेजारी चहाला थांबलो. शीतलनं हेल्मेट काढलं आणि खाली बघितलं.

"आज्जी, एक चप्पल कुटं हाय?"

"रस्त्यावर."

"मग सांगायचं न्हाय? दोन थापा ठरल्या होत्या की!"

"सांगितलं न्हाय."

"अगं, पण का? परत जाऊन आणली असती."

मी चहा बशीत ओतला. हे मी चाळीस वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगायचं ठरवूनही निघाले नव्हते. पण एक पाय उघडा पडला होता आणि पोरगी समोर उभी होती.

"एकदा अशीच पडली होती," म्हटलं. "तवा उचलायला वाकले होते."

दत्तू तेव्हा सहा वर्षांचा. करमाळ्याचा बाजार करून आम्ही परत येत होतो. चादरी सगळ्या खपलेल्या, मालकांनी खुशीत मला नव्या चपला घेतल्या होत्या. मी सासूच्या सांगण्याप्रमाणं आडवी बसलेली. याच रस्त्यावर, कंदरच्या जवळ एका उतारावर, एक चप्पल पायातून निसटली. नवी कोरी चप्पल. मी काही न बोलता, काही विचार न करता मागं वाकले, जणू हातानं ती रस्त्यावरून उचलता येणार होती. सगळा भार एका अंगाला गेला. गाडी कलली. मालकांनी सावरायचं बघितलं, पण टाकीवर पोर होतं, हात पुरले नाहीत. तिघंही खडीवर. दत्तूची हनवटी फुटली. व्रण अजून आहे. तिथं दाढी उगवत नाही.

लोक जमले. कुणीतरी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाले, "माजा हात सुटला."

मी गप्प बसले. त्या दिवशी घाबरून गप्प. घरी सासूनं मालकांना फैलावर घेतलं तेव्हाही गप्प. मग गप्प बसायची सवयच झाली. पुढं पुढं तर मीच म्हणायला लागले, ह्यांच्या मागं बसून जिवाचा भरोसा नाही. मालक दर खेपेला विचारायचे, "येतीस का?" मी नाही म्हणायची. दत्तू तर गाडीचा आवाज आला तरी आत पळायचा. दोन वर्षांनी मालकांनी गाडी विकली. मग एसटीनं चादरी न्यायचे. दत्तू मोठा झाला तो हे डोक्यात घेऊन, की बाप गाडी धड चालवू शकत नव्हता आणि दोन चाकांवर बसलं की माणूस मरतो. बापाशी तो कधी धड बोललाच नाही.

मला वाटलं होतं, शीतल रडेल बिडेल. नाही रडली. चांगली आहे.

चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "म्हंजी पप्पा माज्यावर चिडलेत ते आजोबांमुळं न्हाय. तुज्यामुळं."

"व्हय."

"त्यांना सांगशील?"

"गाडी काढ आदी."

तो उतार मी पुढं शोधत होते. सापडला नाही. रस्ता रुंद झालाय, झाडं गेलीत, दोन्हीकडं केळी. जिथं माझं एवढं घडलं तिथून मी कधी पुढं गेले ते मला कळलंसुद्धा नाही. साडेअकराला करमाळा.

गोदावन्सं अंगणात तुरी पाखडत होत्या. त्यांनी आधी गाडी बघितली, मग मला, मग माझा पाय.

"वैनी, येका चपलीवर आलाव व्हय?"

"दुसरी मागनं येती हाय."

"आनिक गाडीवर कशा बसलाव तुमी? दादानं एवढं बोलवलं तवा न्हाय बसलाव."

मी आत जाऊन पाणी प्यायले.

रविवारी सकाळी कमलाभवानीला गेलो. देऊळ गावाबाहेर माळावर आहे, गाडी पार पायथ्यापर्यंत जाते. लवकर जा, नंतर गर्दी होते आणि दगड तापतो. पायऱ्यांची बारव बघण्यासारखी आहे. पण गुडघे माझ्यासारखे असतील तर वरनंच बघा. शीतल तळापर्यंत उतरून आली आणि मला पायऱ्या मोजून सांगायला लागली. मी म्हटलं, मोजायला आलीस का दर्शनाला? इथं मालक दर खेपेला चादरी विकायच्या आधी यायचे आणि पहिल्या गिऱ्हाईकासाठी नवस बोलायचे. मी बाहेर गठ्ठ्यावर बसून राहायची. नवस फेडलेला मी काही बघितला नाही, पण चादरी खपायच्या.

येताना गाडीची साखळी कुरकुरत होती. बाजारातल्या मेकॅनिकनं ताणून, तेल घालून दिली. म्हणाला, नवी साखळी सुरुवातीला सैल पडतेच, घाबरायचं कारण नाही. पन्नास रुपये. त्याच्या समोरच चपलांचं दुकान होतं. शीतलनं मला मागं पट्टा असलेली सँडल घेतली. मी म्हटलं, म्हाताऱ्या बाईला हे शोभतं का? ती म्हणाली, पडत न्हाय एवढं बघ. पट्टा तिनंच वाकून लावला. घट्ट.

दुपारी वन्संच्या शेतात हुरडा. कोवळी ज्वारी, गोवऱ्यांची आगटी, सोबत शेंगाची चटणी आणि गूळ. हुरड्याला जायचं तर याच दिवसांत. फेब्रुवारी लागला की दाणा कडक होतो. शीतल पाटाकडं फोटो काढायला गेली होती. वन्सं गरम कणीस तळहातावर चोळत होत्या. मी म्हटलं, "वन्सं, तवा गाडी माज्यामुळं पडली. चपलीसाठी मी वाकले."

त्यांचे हात थांबले नाहीत. "मला ठाऊक हाय."

"कसं?"

"दादानं तवाच सांगितलं. तुमाला दत्तूच्या हनवटीकडं बगवत न्हाय, तुमाला कुनी कायबी बोलायचं न्हाय म्हनला. माज्या गळ्याची शपथ घातली."

"चाळीस वरसं गप बसलाव?"

"शपथ हुती की. आनिक म्हनलं, बगू तरी, वैनी कदी बोलत्यात." हुरडा फुंकून त्यांनी माझ्या ओंजळीत टाकला. "लई येळ लावलाव."

मला राग आला. वन्संचा नाही, मालकांचा. मला बोलू दिलं असतं तर मी त्याच आठवड्यात बोलून मोकळी झाले असते, पोरगा आणि बाप निदान एकमेकांशी बोलले असते. पण राग काढायचा कुणावर? माणूस जाऊन नऊ वर्षं झाली. मी हुरडा खाल्ला. चांगला होता.

सोमवारी आठला निघालो. वाटेत गावागावांत शाळांची पोरं झेंडावंदन करून परतत होती, हॉटेलांसमोर जिलबीच्या कढया लागल्या होत्या. टेंभुर्णीत अर्धा किलो जिलबी घेतली. दत्तूला आवडते. माझी चप्पल जिथं पडली होती तिथं शीतलनं गाडी हळू केली आणि बघितलं. चप्पल दिसली नाही. एका चपलेचं कुणी काय करणार, पण कुणीतरी नेली.

पुढं मोकळ्या रस्त्यावर मी तिच्या खांद्यावर थाप न मारता नुसता हात ठेवला. तिनं वेग कमी केला. मी तिचा खांदा पुढं ढकलला. मग तिनं साठाच्या पुढं नेली. शोरूमला सांगू नका.

साडेबाराला घरी. टाकी परत त्याच पंपावर भरली. लिटरला पंचेचाळीस पडलं, मागं मी असताना. दोनशे सत्तर किलोमीटर, एक साखळी ताणली, एक चप्पल गेली. सीट वाईट आहे हे मी वर लिहिलंय, ते खरंच आहे. बाकी गाडी चांगली. त्यापेक्षा पोरगी चांगली चालवते. खड्डा आला की आधी आरशात बघते, मग हळू करते. तिला हे कुणी शिकवलं ते मला माहीत नाही, तिच्या बापानं नक्कीच नाही.

दत्तू दारात उभा होता. गाडी खालपासून वरपर्यंत बघितली, कुठं खरचटलंय का. मग मला बघितलं, तसंच.

"आलीस?"

"आले. बस, तुज्याशी बोलायचं हाय."

"जेवून घे आदी," म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. जिलबी खाल्ली. बोलला नाही. मंगळवारी बोलायला गेले, तो अंघोळीला उठून गेला. बुधवारी म्हणाला, "आई, गाडीचा विषय काडू नगंस." त्याचा स्वतःचा शब्द होता, की आई धड परत आली तर तो एक शब्द बोलणार नाही. शब्द तसा त्यानं पाळला. गाडीबद्दल नाही आणि पोरीशीही नाही, तो बोलतच नाही. आणि पोरगी चावी हातात घेऊन बापाच्या तोंडाकडं बघत बसते. येत्या सोमवारपासून तिची सेकंड शिफ्ट आहे.

दत्तू माझ्यासमोरून उठून जातो, पण मोबाईलसमोरून उठत नाही. लेकीचं लिहिलेलं चोरून वाचतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून हे इथं लिहिलं.

दत्तू, तुझ्या बापाचा हात सुटला नव्हता. तुझी हनवटी माझ्यामुळं फुटली, एका चपलेसाठी. तुझा बाप चांगली गाडी चालवायचा. तुझी पोरगी त्याच्यावर गेली आहे. मला रागवायचं तर रागव, तो तुझा हक्क आहे. पण माझ्यावरचा राग तिच्या गाडीवर काढायचा नाही.

आता खाली उत्तर तू लिहायचंस. बायकोकडून निरोप नको, नुसता अंगठा नको, हात जोडलेलं चित्र नको. दोन ओळी, स्वतःच्या हातानं, सोमवारच्या आत, आणि त्या शीतलच्या नावानं. बाकी वाचणाऱ्यांनी तोपर्यंत तिथं एक अक्षर लिहायचं नाही. पहिलं उत्तर तिच्या बापाचं.